सायलेन्सर बदलण्यापूर्वी

आरोग्याच्या सदरात मोटारसायकलच्या सायलेन्सरचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण आमच्या मुलुंडसारख्या उपनगरात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला या विषयाशी संबंध येतोच येतो. आठवड्यातून एखादी पोटरी भाजलेली येते. कानात शिट्टी वाजते म्हणणारा एखादा तरुण येतो. ‘रात्री दीडला गल्लीतून ती फटफट गेली आणि त्यानंतर डोळ्याला डोळा नाही’ असे सांगणाऱ्या रक्तदाबाच्या आजीबाई तर दर पंधरवड्याला येतात. या तिघांच्या केसपेपरवर तीन वेगवेगळी निदाने असतात, कारण मात्र एकच असू शकते.

मी मोटारसायकलविरोधी नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या कॉलेजच्या दिवसांत यामाहा आरएक्स १०० ही गाडी म्हणजे स्वप्न होते. १९८५ साली आलेली ती गाडी १९९६ पर्यंत तयार होत होती, आणि तिचा तो टणत्कार ऐकून हॉस्टेलच्या कोणत्या खोलीतला मुलगा परत आला ते आम्ही अंथरुणात पडल्या पडल्या ओळखत असू. पुढे २००१ मध्ये पल्सर आली आणि मराठी घरांतल्या मुलांना ‘स्पोर्टी’ गाडी परवडू लागली. आज दीडशे ते चारशे सीसीची, पुढून शार्कसारखी दिसणारी गाडी हप्त्यावर घेता येते. हप्ता सुरू होतो न होतो तोच मुलाच्या डोक्यात पहिला विचार येतो तो सायलेन्सर बदलण्याचा. ही मुले त्याला ‘एक्झॉस्ट’ म्हणतात. आपण सायलेन्सरच म्हणू. त्या शब्दात त्याचे काम तरी सांगितलेले आहे.

हे काम काय, ते थोडक्यात पाहू. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो. मिनिटाला सहा हजार फेरे असतील तर सेकंदाला पन्नास स्फोट झाले. प्रत्येक स्फोटानंतर तापलेला वायू दाबाखाली बाहेर फेकला जातो. बेंड पाइपमधून तो सायलेन्सरच्या पोटात शिरतो. तिथे कप्पे असतात, भोके पाडलेल्या नळ्या असतात, काहींत काचेच्या लोकरीचा थर असतो. त्या भुलभुलैयात आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून दमतात आणि वायू बराच शांत होऊन बाहेर पडतो. याच मार्गात हल्ली एक मधाच्या पोळ्यासारखी जाळी बसवलेली असते. तिला गॅरेजमध्ये ‘कॅटकॉन’ म्हणतात. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महाग धातूंचा तिच्यावर पातळ लेप असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणे हे तिचे काम. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची कडक मानके लागू झाली, त्यामुळे नव्या गाडीत ही जाळी आणि तिच्या अलीकडचा ऑक्सिजन सेन्सर या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. इंजिनाचा छोटा संगणक त्या सेन्सरच्या सांगण्यावरून पेट्रोलचे माप ठरवतो.

आता बाजारात काय मिळते ते बघा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर रविवारी चक्कर मारली तर दुकानांच्या दर्शनी भागात सायलेन्सर टांगलेले दिसतील. त्यात दोन मुख्य जाती. पहिलीत फक्त मागचा डबा बदलतात, त्याला ‘स्लिप-ऑन’ म्हणतात. दुसरीत इंजिनापासून शेवटपर्यंत सगळी नळी बदलतात, ती ‘फुल सिस्टीम’. दुसऱ्या प्रकारात बहुतेक वेळा कॅटकॉन जातेच. डब्यांवर स्लोव्हेनियाच्या अॅक्रापोविचचे, जपानच्या योशिमुराचे, इटलीच्या अॅरोचे नाव रंगवलेले असते. या कंपन्या खऱ्या आणि नावाजलेल्या आहेत, शर्यतींच्या मैदानावर त्यांनी नाव कमावलेले आहे. पण त्यांचा अस्सल डबा अनेकदा आपल्या मुलाच्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा खाऊन टाकेल एवढा महाग असतो. दोन-तीन हजारांत मिळतो तो फक्त त्या नावाची पट्टी चिकटवलेला पोकळ डबा. आत सरळ भोकाची एक नळी, भोवती जेमतेम काचेची लोकर. वर्षभरात ती लोकर जळून उडून जाते आणि आवाज आणखी वाढतो. ‘मस्त मोकळा झाला’ असे त्या वेळी मुले म्हणतात.

तोंडाशी एक छोटी बुच्ची बसवलेली असते, तिला ‘डीबी किलर’ असे भयंकर नाव आहे. आवाज मारणारी म्हणून. दुकानदार ती ‘पाहिजे तेव्हा काढा, पाहिजे तेव्हा घाला’ म्हणून देतो. काढलेली बुच्ची परत घातल्याचे मी तरी अजून ऐकलेले नाही.

‘पण काका, पिकअप वाढतो ना!’ असे मला एका रुग्णाच्या मुलाने सांगितले. दीडशे-दोनशे सीसीच्या गाडीला नुसता मागचा डबा बदलून जी ताकद मिळते ती इतकी थोडी असते की अंधेरीच्या सिग्नलवर ती कुठे वापरायची हाच प्रश्न. फुल सिस्टीमबरोबर संगणकातील पेट्रोलचे मापही नीट बसवून घेतले तर फरक पडतो, हे खरे. नाही बसवले तर मिश्रण बिघडते, इंजिन जास्त तापते, अॅव्हरेज घसरते. वजन दोन-चार किलोने कमी होते हा एक फायदा मात्र मान्य करायला हवा. बाकी जे वाढल्यासारखे वाटते तो आवाज असतो. जोरात आवाज आला की वेग जास्त वाटतो, हा आपल्या मेंदूचा स्वभाव आहे.

आता कानाकडे वळतो. डेसिबल हे माप सरळ बेरजेचे नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे ऐंशीवरून शंभरावर गेलो तर पंचवीस टक्के वाढ झाली असे नव्हे. ऊर्जा शंभरपट झाली. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास ही कामगारांसाठी मान्य असलेली एक सर्वसाधारण मर्यादा आहे. पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. घाटकोपरहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने अंधेरीला जायला पंधरा मिनिटांत जाणारा कोणी असेल तर मला भेटायला आवडेल.

२००५ पासून लागू झालेल्या मर्यादेनुसार ८० ते १७५ सीसीच्या मोटारसायकलचा आवाज ७७ डेसिबलपेक्षा आणि त्यावरच्या गाडीचा ८० डेसिबलपेक्षा जास्त असता कामा नये. ही मोजणी गाडी पूर्ण जोराने पुढे जात असताना साडेसात मीटर अंतरावरून करतात. चालवणाऱ्याचे कान त्या डब्यापासून साडेसात मीटरवर नसतात. ते जेमतेम मीटर-दीड मीटरवर असतात, आणि मागे बसलेल्याचे त्याहून जवळ. अंतर निम्मे झाले की साधारण सहा डेसिबल वाढतात. कंपनीच्या सायलेन्सरलाही हे गणित लागू आहे, मग पोकळ डब्याचे काय ते बघा. यात हेल्मेटमधल्या वाऱ्याची भर पडते. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचाच आवाज ९५ डेसिबलच्या आसपास किंवा पुढे जातो. म्हणजे पहाटे लोणावळ्याला किंवा घोडबंदरवरून अहमदाबाद हायवेला जाणाऱ्या मंडळींचे कान सायलेन्सर न बदलताही काम करून करून थकत असतात. वर हे ओझे कशाला?

गेल्या वर्षी माझ्याकडे बावीस वर्षांचा एक मुलगा आला. घाटकोपरला राहणारा, शिक्षण मरीन इंजिनीयरिंगचे, बोटीवर जायची तयारी चाललेली. दीड वर्षापूर्वी गाडी घेतली, दुसऱ्याच महिन्यात सायलेन्सर बदलला. तक्रार अशी की रात्री खोलीतला पंखा बंद केला की कानात बारीक शिट्टी वाजते. आई सोबत होती. तिची तक्रार वेगळी होती. ‘डॉक्टर, हा टीव्ही एवढा मोठा लावतो की शेजारचे बोलतात. आणि हाक मारली तर ओ देत नाही.’ मुलगा म्हणाला, ‘आई पुटपुटते.’

कान साफ होते, पडदा शाबूत होता. ऑडिओमेट्री करायला पाठवले. आलेख आला तो पाहूनच कळले. खालच्या पट्टीतले स्वर ठीक, मधले ठीक, आणि चार हजार हर्ट्झला दोन्ही कानांत एक खोल खड्डा, पुढे आठ हजाराला रेघ पुन्हा थोडी वर आलेली. मोठ्या आवाजाने कान गेल्याची ही जवळजवळ सहीच असते. पूर्वी कापडगिरण्यांच्या साच्यांवर काम करणाऱ्यांत हा खड्डा दिसे, पण तो वर्षानुवर्षांच्या नोकरीनंतर.

असे का होते? कानाच्या आतल्या शंखात केसांसारख्या तंतूंच्या पेशी असतात. प्रत्येक कानात साधारण पंधरा-सोळा हजार. जन्मताना मिळतात तेवढ्याच. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने त्या आधी वाकतात, रात्रभर शांतता मिळाली तर सावरतात, रोज मार बसत राहिला तर मरतात. वरच्या पट्टीचे स्वर टिपणाऱ्या पेशी आधी जातात. त्यामुळे माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाहीत. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘ख’ यांसारखी हलकी व्यंजने विरून जातात. ‘साखर’ म्हटले की ‘आ-अर’ ऐकू येते, आणि मग वाटते की समोरचा पुटपुटतो आहे. त्या मुलाची आई पुटपुटत नव्हती.

न्यायाने बोलायचे तर सगळा दोष सायलेन्सरच्या माथी मारता येणार नाही. तो इअरफोनही लावत असे, लोकलच्या खडखडाटावर मात करण्याएवढ्या आवाजात. गणपतीत डीजेपुढे दोन वर्षे नाचला होता. कानाची वही एकच असते, सगळे खर्च तिच्यातच लिहिले जातात. पण रोजचा दीड-दोन तासांचा खर्च गाडीचा होता.

‘सायलेन्सर काढला तर बरं होईल का?’ त्याने विचारले. मी म्हटले, ‘गेलं ते परत येणार नाही. आहे ते राहील.’ शिट्टीबद्दलही हेच सांगितले. तिला हमखास बरे करणारे औषध नाही. जाहिरातीतल्या गोळ्यांवर पैसे घालवू नकोस. झोप नीट ठेव, पूर्ण शांत खोलीऐवजी पंखा चालू ठेव, मेंदू हळूहळू तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. त्याच्या बाबतीत खरी काळजी पुढची होती. मर्चंट नेव्हीत जाताना कानांची तपासणी होते. बोलण्याच्या पट्टीतले श्रवण चांगले असल्याने त्या खेपेला निभावले. पण नोकरी इंजिनरूमची. तिथे आवाज शंभर डेसिबलच्या पुढे असतो आणि तपासणी पुन्हा पुन्हा होते. कान ज्याच्या नोकरीचे भांडवल, त्याने ते नोकरी लागण्याआधीच खर्च करायला घेतले होते. मूळ सायलेन्सर सुदैवाने माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला होता. आई तो भंगारवाल्याला द्यायला निघाली होती. भंगारवाले तो आनंदाने घेतात बरे का, आतल्या महाग धातूंसाठी. वाचकांनी तो कधीही देऊ नये.

या मुलांचा एक लाडका युक्तिवाद आहे: आवाज मोठा असला की गाडीवाल्यांना कळते, अपघात टळतो. ऐकायला बरे वाटते. पण सायलेन्सरचे तोंड मागे असते. आवाजाचा जोर मागच्यांना बसतो, आणि मोटारसायकलला धोका मुख्यतः पुढून असतो. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातर्फे मोटारसायकलच्या नऊशे अपघातांचा बारीक अभ्यास केला होता, त्याचा अहवाल १९८१ साली आला. दुसऱ्या वाहनाशी टक्कर होते तेव्हा ते वाहन बहुतेक वेळा समोरच्या बाजूनेच येते, असे त्यात दिसले. काचा बंद करून, एसी आणि गाणी लावून समोरून वळणाऱ्या मोटारीतल्या माणसाला तुमचा आवाज पोचतो तोवर उशीर झालेला असतो. दिवसाही दिवा लागलेला असणे, भडक रंगाचे जाकीट आणि ब्रेकवर बोट, यांनी जास्त काम होते.

फटाके फोडण्याचा प्रकार तर याच्या वरताण. चालत्या गाडीची चावी बंद करून पुन्हा चालू करायची, की न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत पेटते आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज येतो. पूर्वी हा प्रकार बुलेटवाल्यांत होता, आता स्पोर्ट्स गाड्यांतही आला. अशा एका धमाक्याचा उच्चांक कानाजवळ १४० डेसिबलच्या पुढे गेला तर एका क्षणात कायमची इजा होऊ शकते. तिथे तास मोजायची वेळच येत नाही. मुलुंड-भांडुपकडच्या अरुंद गल्ल्यांत दोन्ही बाजूंना सात-सात मजली इमारती असतात. तिथे आवाज भिंतींवर आपटत वर चढतो, पसरत नाही.

तर आता त्या आजीबाई. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. घाटकोपरचे राजावाडी घ्या, बोरिवलीचे भगवती घ्या, विलेपार्ल्याचे कूपर घ्या, तिथल्या वॉर्डात झोपलेल्याला ही मर्यादा पाळली जाते की नाही ते विचारा. झोपेत अचानक मोठा आवाज आला की माणूस जागा झाला नाही तरी शरीर दचकते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, अॅड्रिनॅलिन रक्तात उतरते. हे रोज होत राहिले तर हृदयावर परिणाम होतो. रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज आणि हृदयविकार यांच्या संबंधाचा भक्कम पुरावा असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवले आहे. माझ्या आजीबाईंच्या गोळीचा डोस मी वाढवू शकतो. गल्लीतून कोण जातो ते ठरवू शकत नाही.

मुंबईकरांना आठवत असेल, २०२० च्या जानेवारीअखेर वाहतूक पोलिसांनी एक चित्रफीत प्रसिद्ध केली होती. सिग्नलला डेसिबल मोजणारे यंत्र जोडले, आणि हॉर्नचा आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. हॉर्न वाजवा, आणखी थांबा. तो प्रयोग हॉर्नसाठी होता. सायलेन्सरसाठी आपल्या राज्यात अनेक शहरांच्या पोलिसांनी दुसरा, जास्त ठोक उपाय केला. जप्त केलेले डबे रस्त्यावर रांगेत मांडायचे आणि वरून रोडरोलर फिरवायचा. कायदाही तसा बोथट नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत मालकाला मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज आणि धुराचे मानक मोडल्याबद्दल वेगळी शिक्षा, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आणि वर तीन महिने लायसन्स स्थगित.

म्हणून माझा सल्ला विचारणाऱ्याला मी म्हणतो, बदलायचाच असेल तर तुझ्या गाडीच्या कंपनीने तुझ्याच मॉडेलसाठी मान्यता देऊन अधिकृत सुटा भाग म्हणून विकलेला असेल तोच घे, पावतीसह. आवाज आणि धूर दोन्हींची मान्यता आहे का ते लेखी विचार. ‘ऑफ रोड’ किंवा ‘फक्त शर्यतीसाठी’ असे डब्यावर बारीक अक्षरात छापलेले असेल तर तो आपल्या रस्त्यासाठी नाही. परदेशी मान्यतेचा शिक्का असला तरी तो आपल्याकडच्या मान्यतेची जागा घेत नाही. आणि मूळ सायलेन्सर गंजला किंवा पडून चेपला असेल तर तसाच नवा घालणे हाच सर्वांत स्वस्त मार्ग, कारण त्यात बाकी काही बिघडत नाही.

बसवतानाच्या जखमाही मी शिवलेल्या आहेत, म्हणून त्याविषयी दोन शब्द. घाईने काम करणारा मेकॅनिक गाडी आल्या आल्या पाना लावतो. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, तास-दीड तास तरी. बेंड पाइपचे नट गंजून बसलेले असतात. जोर लावला की डोक्यातला स्टड तुटतो किंवा पाना निसटून बोटांची सालटी जातात. आधी गंज सोडवणारे तेल मारून थांबावे. जुने पॅकिंग पुन्हा घालू नये. ते चेपलेले असते, तिथून वायू गळतो आणि गाडी टिकटिक करू लागते. ऑक्सिजन सेन्सरची वायर तापलेल्या नळीला टेकणार नाही अशी बांधावी. डबा नुसत्या नळीवर लोंबकळत ठेवू नये, त्याला पट्टीचा आधार हवाच, नाहीतर खड्ड्यांत सांधा तडकतो. काचेची लोकर हाताळताना हातमोजे, चष्मा आणि मास्क घालावा. तिचे बारीक तंतू कातडीत शिरून दोन दिवस खाज सुटते, डोळ्यात गेले तर आमच्याकडेच यावे लागते. तेलकट बोटांचे ठसे डब्यावरून पुसून मगच इंजिन चालू करावे, ते जळून कायमचे उमटतात. हा शेवटचा सल्ला वैद्यकीय नव्हे, एका मेकॅनिकने मला दिलेला आहे.

इंजिन मात्र मोकळ्या जागेत चालू करा. आमच्याकडे इमारतींच्या खाली स्टिल्टची पार्किंग असते, पावसाळ्यात तिला ताडपत्री लावतात. तिथे आवाज ऐकत दहा-पंधरा मिनिटे रेस करत बसण्याची पद्धत आहे. कॅटकॉन काढलेली असेल तर कार्बन मोनॉक्साइड भरपूर येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, पाय लटपटणे ही लक्षणे दिसली की माणसाला ताबडतोब उघड्यावर न्या आणि रुग्णालय गाठा. कोविडपासून घराघरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे. त्याच्यावर या वेळी विश्वास ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या रक्तालाही ते ऑक्सिजनयुक्त समजते आणि अठ्ठ्याण्णव दाखवत राहते.

राहिला चटका. मूळ सायलेन्सरवर उष्णतारोधक पत्रा असतो, बदललेल्यावर बहुधा नसतो. सत्तर अंश तापलेल्या धातूला एखादा सेकंद कातडी टेकली तरी खोल भाजू शकते, आणि नळीचे तापमान त्याच्या कितीतरी वर असते. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींचा सायलेन्सर उजवीकडे, म्हणून डाग उजव्या पोटरीच्या आतल्या बाजूला. साडी किंवा अर्ध्या चड्डीत मागे बसणारी माणसे, आणि पार्क केलेल्या गाडीभोवती खेळणारी दोन-तीन वर्षांची मुले, यांना जास्त धोका.

भाजल्याबरोबर वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरा. घड्याळ लावून वीस मिनिटे. दोन मिनिटांत आग थांबली म्हणून काढू नका, आतल्या थरांतली उष्णता अजून बाहेर पडायची असते. उपनगरात नळाला पाणी दिवसभर असतेच असे नाही. मग पिंपातले पाणी तांब्याने सतत ओतत राहा. बर्फ लावू नका, त्याने कातडी आणखी मरते. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, कॉफीची पूड, यांतले काहीही नको. माझा अर्धा वेळ ती पेस्ट खरवडण्यात जातो आणि रुग्ण ओरडत असतो. फोड फोडू नका. स्वच्छ कापडाने सैल झाकून डॉक्टरकडे जा, धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते आठवून ठेवा. जखम पांढरी, कोरडी आणि न दुखणारी असेल तर ‘दुखत नाही म्हणजे किरकोळ’ असे समजू नका. उलट ती खोल असते.

मधुमेही माणसाचे तर वेगळेच. अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ मुलाच्या गाडीवर मागे बसून बोरिवलीहून आले, घरी आल्यावर पँट काढताना कापड पोटरीला चिकटलेले दिसले. पायाच्या शिरा बधिर झालेल्या, चटका बसल्याचे कळलेच नाही. ती रुपयाएवढी जखम भरायला अडीच महिने लागले, मध्ये एकदा पू झाला आणि साखर चारशेवर गेली. पाय वाचला. त्यांच्या मुलाने उष्णतारोधक पत्रा दुसऱ्याच दिवशी लावून घेतला.

लांबच्या प्रवासाला फोमच्या कानबुच्च्या वापराव्यात, सायलेन्सर कोणताही असो. औषधांच्या दुकानात स्वस्तात मिळतात. बोटांत लाटून बारीक करायची, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, आत सरकवायची आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायची. वाऱ्याची गर्जना कमी झाली की बाकीचे आवाज ऐकणे अनेकांना उलट सोपे जाते. कान फुटलेला असेल, पाणी येत असेल तर मात्र घालू नका. शहरातल्या गर्दीत त्यांची गरज नाही.

गाडीवरून उतरल्यावर कान बधिर वाटणे, शिट्टी वाजणे आणि दुसऱ्या दिवशी थांबणे हा पहिला इशारा समजावा आणि ऑडिओमेट्री करून घ्यावी. मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागांत ती होते, त्रास काही नसतो, हेडफोन लावून बटण दाबायचे. एका कानाचे ऐकू येणे अचानक, एका-दोन दिवसांत कमी झाले तर आठवडाभर वाट पाहू नका. त्याच दिवशी तज्ज्ञ गाठा, त्यावर लवकर उपचार केले तरच उपयोग होतो. नेहमीच्या तपासणीला जाताना आदल्या दिवशी संध्याकाळपासून मोठ्या आवाजापासून लांब राहा, नाहीतर आलेख खोटा खराब येतो. सकाळी गाडी घरी ठेवा आणि रिक्षाने जा.